तीस मीटरांची चूक

ज्या कामाचा आरंभ सारायीच्या, म्हणजे देशी दारूच्या, दुकानापाशी झाला आणि शेवटही त्याच दुकानाच्या ओट्यावर, कंदिलाच्या उजेडात झाला, त्या कामाविषयी माळकरी घराण्यातल्या माणसाने लिहावे किंवा न लिहावे, या विचारात माझी पुष्कळ वर्षे गेली. वडील हयात होते तोवर तर प्रश्नच नव्हता. बेळगावास पाठवलेल्या पत्रांतून मी त्या जागेचा उल्लेख 'येथील एका उपाहारगृहाजवळ' असा करीत असे, आणि त्यांत शब्दशः खोटे काही नव्हते, कारण उकडलेल्या शेंगा आणि लोणचे तेथे खरोखरच मिळत असे. आता मी सत्तरी गाठली आहे, तेव्हा सांगावयास हरकत नाही.

१९९६ च्या हिवाळ्यात मी बेंगळूरात खाजगी मोजणीदार म्हणून काम करीत होतो, आणि बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी जमीन घेऊ पाहणाऱ्या काही मंडळींनी मजकडे असे काम सोपवले होते की, तळ्याची सगळी कड यंत्राने मोजून, जुन्या नकाशाशी ताडून, सरकारी पाण्याची हद्द कोठे संपते आणि खातेदाराची जमीन कोठे सुरू होते ते कागदावर उतरवून द्यावे. तळे म्हणावे तर शहरातले सर्वांत मोठे. पूर्व-पश्चिम साडेतीन किलोमीटरांहून अधिक लांब आणि क्षेत्र नऊशे एकरांच्या घरात. अशा जागी मोजणी सुरू करावयाची म्हणजे प्रथम एक तरी असा दगड हवा की जो नकाशातही आहे आणि जमिनीतही आहे. आम्ही दोन दिवस हिंडलो. नकाशातले दगड कोणाच्या पायरीत गेले होते, कोणाच्या विहिरीच्या काठास लागले होते, आणि एक तर गिरणीच्या दारात जात्यासारखा पालथा घातलेला सापडला. शेवटी तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथला दगड जागचा न हललेला आढळला तो सारायीच्या दुकानाच्या मागच्या भिंतीस टेकून. दुकानदार त्यावर रिकामी घमेली पालथी घालीत असे. घमेली उचलली, माती खरवडली, वरच्या बाजूस कोरलेली फुली दिसली, आणि आमच्या मोजणीचे पहिले स्थानक कोणते याचा निर्णय अबकारी खात्याच्या परवान्याने चालणाऱ्या त्या वास्तूच्या बाजूने लागला.

त्या दगडास तेथले लोक 'बांदू कल्लू' म्हणतात. कल्लू म्हणजे दगड हे मला ठाऊक होते, पण त्यातला 'बांदू' हा आपलाच बांध, हे ध्यानात येताच परमुलखात आपल्या आळीतला माणूस भेटावा तसे झाले. पुढे तालुक्याच्या दप्तरात बसू लागलो तेव्हा तर ओळखीच्यांची रीघच लागली: टिप्पणी, आकारबंद, हिस्सा, खराब, जमाबंदी, दरखास्तु, पहाणी, शिरस्तेदार, आणि सर्वांवर कडी म्हणजे मोजणीस मोजिणी. मी भूमिअभिलेख खात्यात उमेदवारी केलेला माणूस. माझ्या पोटापाण्याचा सगळा शब्दसंग्रह तेथे कानडी लिपीत, कानडी प्रत्यय लावून, सुखाने नांदत होता. पुण्याच्या स्नेह्यांना हे सांगितले की त्यांचे मन तत्काळ १६३८ कडे, शहाजीराजांच्या बेंगळूरच्या जहागिरीकडे धाव घेते, आणि त्या आनंदावर विरजण घालणे माझ्या जिवावर येते. परंतु खरी गोष्ट अशी की यांतले बरेच शब्द तलवारीबरोबर आलेले नसून साखळीबरोबर आलेले आहेत. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी आणि जमाबंदीची पद्धत मुंबई इलाख्यात रूढ केली, तीच १८६३ पासून म्हैसूर संस्थानाने उचलली. आणि तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांत भागलेली, जेथे जेथे गेली तेथे तेथे तिच्यामागून गुंठा गेला, आकारबंद गेला आणि पोटखराबाही गेला. चाळीस गुंठ्यांचा एकर हे कोष्टक मी ज्या शाळेत घोकले तेथून बेळ्ळंदूर पाचशे किलोमीटर दूर असेल. कोष्टक तेच आहे.

एका नावाने मात्र मला विशेष मोह घातला. तळ्याच्या पोटातल्या आणि काठच्या जमिनीचा महसुली गाव दप्तरी 'अमानी बेळ्ळंदूर खाने' असा नोंदलेला आहे. अमानी म्हणजे जो महाल मक्त्याने किंवा इजाऱ्याने कोणास न देता सरकार आपल्या कामगारांकरवी स्वतः सांभाळते तो. पेशवे दप्तर चाळणाऱ्यास हा शब्द नवा नाही. ज्याचा धनी खुद्द सरकार, अशा पाण्याचे पुढे काय झाले ते सर्वविदित आहे, त्यामुळे या नावावर कोटी करण्याचा मोह मी आवरतो.

यंत्र लावण्यापूर्वी एकवार सगळी कड पायाखालून घालावी असे ठरले, आणि वाटाड्या म्हणून गावच्या नीरगंटीस बरोबर घेतले. नीरगंटी म्हणजे आपल्याकडचा पाटकरी. तळ्याची तूब कधी उघडावी, कोणाच्या भातखाचरात किती घटका पाणी जावे, हे ठरवण्याचा परंपरागत अधिकार त्याच्या घराण्याकडे. सत्तरीचा, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर फावडे. मी त्यास अज्जा म्हणे आणि तो मला 'स्वामी' म्हणे, आणि माझी बेळगावी कानडी ऐकून पहिल्या दिवशी तो इतका हसला की दुसऱ्या दिवशी मुद्दाम नातवाला ऐकवावयास घेऊन आला. आपल्याकडे जुन्या काळी शिवेचा तंटा पडला म्हणजे गावच्या महाराची साक्ष प्रमाण मानीत, कारण शीव ज्याने रोज पायांनी मोजली तो तो एकटाच. ज्यास गावाने शिवेबाहेर ठेवले त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरे, ही विसंगती मला वाचताना नेहमी खटके. या अज्जाबरोबर चालताना त्या साक्षीचे मोल काय असेल ते प्रथमच कळले.

दुकानापासून निघून आम्ही पश्चिमेकडे वळलो, म्हणजे तळे उजव्या हातास राहिले. योगायोगाने ती यथाविधि प्रदक्षिणा झाली. इब्बलूरच्या अंगाने भाताची खाचरे, मग आगरची बाजू, मग चल्लघट्ट्याकडे जेथे शहराचे नाले तळ्यात उतरतात तेथे नाकास पदर (मला पदर नव्हता; उपरणे होते), मग उत्तरेस वळून बेलूर, केंपापूर, यमलूर, आणि यमलूरपाशी कोडी, म्हणजे तळे भरले की पाणी बाहेर पडते तो सांडवा. तेथून पाणी वर्तूरच्या तळ्यात जाते, पुढे दक्षिण पिनाकिनीत, आणि तमिळ मुलूख ओलांडून कडलूरपाशी समुद्रास मिळते. कोडीपासून पुन्हा दक्षिणेकडे, तळ्याच्या बांधावरून, ज्यास ते 'एरी' म्हणतात, सरळ आमच्या दगडापाशी.

वाटेत एके ठिकाणी अज्जा थांबला आणि भरघोस कोबीच्या मळ्यात फावडे रोवून म्हणाला, "तळे इथवर."

पाणी तेथून दीड-दोनशे पावले लांब होते. मी म्हणालो, "अज्जा, इथे तर कोबी आहे."

"आता मार्गशीर्ष आहे स्वामी. कोडीवरून पाणी वाहू लागते तेव्हा ते इथे येते. मधल्या दिवसांत तळे माहेरी गेलेले असते. म्हणून त्याच्या घरात दुसऱ्याने बिऱ्हाड करायचे नसते."

पुढे हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली तळ्यांभोवती ७५ मीटर मोकळे ठेवण्याचा हुकूम दिला, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून पूर्वीची मर्यादा कायम केली, आणि दोन्ही वेळा बेंगळूरात पंचाहत्तर की तीस यावर रणे माजली, तेव्हा मला राहून राहून वाटे की मीटर किती हे विचारण्यापूर्वी कोठून, हे विचारणारा एक जण तरी या सभेत हवा होता. अज्जाने फावडे रोवले होते तेथून, की उन्हाळ्यातल्या चिखलाच्या काठापासून? या दोहोंत अख्खी वसाहत मावते, आणि मावलीही.

प्रत्यक्ष मोजणीस सहा दिवस लागले. जी मोजणी जेथून निघाली तेथेच येऊन मिळते तिचा एक गुण असा की ती स्वतःची परीक्षा स्वतः घेते: प्रत्येक रेषेची लांबी आणि दिशा घेऊन तिचा उत्तर-दक्षिण भाग आणि पूर्व-पश्चिम भाग वेगळा काढावयाचा, उत्तरेकडचे एका रकान्यात, दक्षिणेकडचे दुसऱ्या रकान्यात, आणि शेवटी बेरजा मारावयाच्या, जितके उत्तरेस गेलात तितकेच दक्षिणेस आला असाल आणि जितके पूर्वेस तितकेच पश्चिमेस, तर वजाबाकी शून्य. ती शून्य कधीच येत नाही. शेदीडशे मीटरांच्या रेषा, उन्हाने ताणलेली टेप, थकलेले डोळे, यांमुळे वीतभर किंवा हातभर फरक राहतो, तो सर्व रेषांवर वाटून द्यावयाचा हे शास्त्रसंमत आहे.

सहाव्या दिवशी दिवेलागणीस आम्ही दगडापाशी परत आलो. वीज गेली होती. दुकानदाराने ओट्यावर कंदील ठेवला, त्याच्या घरधनिणीने माझ्यासाठी वेगळ्या पेल्यात चहा आणला, आणि मी वही उघडून बेरजा मारू लागलो. भोवती रोजची गिऱ्हाइके होती. वीटभट्टीवरचे, मळ्यांतले, एक बसचा वाहक. प्लास्टिकच्या पुड्यांतली सारायी पेल्यात ओतून झाली की ती मंडळी माझ्याकडे पाहत बसली, कारण इतके दिवस या माणसाने आपले तळे मोजले, आता तो काय सांगतो, याची त्यांना स्वाभाविक उत्सुकता. बेरीज झाली. फरक तीस मीटरांचा निघाला.

मी पुन्हा बेरीज केली. तीस मीटर आणि वर काही सेंटिमीटर. बसच्या वाहकाने, ज्याचा हिशेब रोज रात्री आगारात जुळवावा लागे, सहानुभूतीने विचारले, "कमी पडले?" मी म्हणालो, "पडले."

आता, तीस मीटर ही रक्कम बोलकी होती, कारण आमची पोलादी टेप बरोबर तीस मीटरांची होती. म्हणजे कोठेतरी एक अख्खी टेप मोजायची किंवा मांडायची राहिली. पण साठ-सत्तर रेषांतली कोणती? हाती एकच पुरावा होता, तो म्हणजे चुकीची दिशा. गणिताने आम्ही खऱ्या दगडाच्या उत्तरेस, किंचित पूर्वेकडे झुकून पोचत होतो. अर्थात जी रेषा दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेस झुकून जात असेल, तीच तोकडी पडलेली असणार. मी वहीत बोट फिरवत गेलो. त्या दिशेची एकच लांब रेषा होती: कोडीवरून परत येताना, एरीच्या सरळ अंगावरची.

आणि मग मला सगळे आठवले. त्या रेषेवर साखळीवाले पुढे चालले होते, प्रत्येक टेपेस एक सळई जमिनीत रोवीत होते, आणि प्रत्येक सळईस वहीत एक काट मारण्याचे काम माझे होते. पण अज्जाने तेवढ्यात तळ्याकडे हात करून विमानांची गोष्ट काढली होती. लढाईच्या दिवसांत तो विशीतला असताना ती या पाण्यावर उतरत. पंख वर, पोट नावेसारखे, आणि उतरताना पाण्याची दोन पांढरी कुंपणे उभी राहत. मला ती बढाई वाटली होती. ती बढाई नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साहाय्याने तळ्याच्या उत्तरेस जो विमानांचा कारखाना काढला, तो लढाईत अमेरिकन सैन्याच्या हाती गेला आणि तेथे दुरुस्तीस येणारी कॅटलिना जातीची विमाने याच तळ्यावर उतरत. हे मी पुढे वाचले. त्या दिवशी मी फक्त ऐकत राहिलो, वही डाव्या हातात, पेन्सिल उजव्या हातात, आणि एक काट मारायची राहिली.

साखळीवाल्याने आदल्याच दिवशी टेप सैल धरल्यावरून माझी बोलणी खाल्ली होती. तो कंदिलापलीकडे बसला होता. मी त्यास म्हणालो, "चूक माझी आहे. उद्या सकाळी एरीवरची रेषा पुन्हा धरू." तो म्हणाला, "होय सर," आणि तोंड फिरवून शेंगा सोलू लागला, फिरवलेल्या तोंडावर काय होते ते मी पाहिले नाही. सकाळी ती रेषा पुन्हा धरली. एक टेप वाढली. फरक अकरा सेंटिमीटरांवर आला.

पुढच्या वर्षांचा वृत्तांत मी दोन ओळींत संपवतो, कारण तो वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचला आहे: बाह्यवळण रस्ता, काचेच्या इमारती, २००७ साली कर्नाटकात सारायीवर बंदी आणि त्याच साली महानगरपालिकेच्या पोटात आसपासची खेडी, मग तळ्यावरचा फेस वाऱ्याने रस्त्यावर येणे, मग पाण्यास आग. जानेवारी २०१८ मधली आग विझवण्यास लष्कराचे जवान आले, हे मी दूरचित्रवाणीवर पाहिले तेव्हा आमच्या प्रदक्षिणेतले इब्बलूरकडचे वळण मला धुरातही ओळखता आले. दुकानाच्या जागी आणखी काय काय झाले याची कल्पना मला नव्हती.

ती आली अलीकडे, कन्येच्या निमित्ताने. ती त्याच रस्त्यावरच्या एका कचेरीत काम करते. तिच्या वरिष्ठांत एक इंग्रज गृहस्थ आहेत, आणि त्यांनी तिच्या चमूस आपल्या देशातल्या एका रीतीचे वर्णन करून वेड लावले होते: रविवारी गावच्या पबापासून निघावे, शेतांतून, कुंपणावरच्या पायऱ्या चढून-उतरून, ओढ्याच्या कडेने, चर्चच्या मागून दोन-तीन तासांचा फेरा घ्यावा, आणि परत त्याच पबात येऊन चिखलाचे बूट दाराशी ठेवून जेवावयास बसावे. ऐकून मला अधिक कुतूहल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. त्या पायवाटा परक्याच्या शेतातून जातात, आणि तरी शेतमालक अडवू शकत नाही, कारण १९४९ च्या कायद्याने परगण्यापरगण्यातल्या अशा वाटांचे अधिकृत नकाशे करावयास लावले, आणि नकाशात उतरलेली वाट कायद्याने सिद्ध झाली. आपल्याकडे १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यात वहिवाटीच्या रस्त्याचे संरक्षण आहे, पण त्यासाठी कोणीतरी अडवावे लागते, मग कोणीतरी अर्ज करावा लागतो. केवळ चालणाऱ्याच्या सुखासाठी वाट राखावी, ही कल्पना आमच्या दप्तरात नाही.

कन्या म्हणाली, "बाबा, इथल्या पबापासून निघून तळ्याला फेरी मारून परत यायचे आम्ही ठरवतो आहोत. तुम्ही केली आहे ना ही फेरी? दाखवा आम्हाला."

पब पाहिला आणि मी क्षणभर बोललो नाही. तांब्याचे चकचकीत पिंप, काचेमागे नळ्या, जागीच आंबवलेली बिअर. पण रस्त्याचे वळण आणि त्याचा एरीशी होणारा कोन माझ्या पायांनी ओळखला. तिला मी काही सांगितले नाही.

आम्ही सात जण निघालो, तळे उजव्या हातास ठेवून. निदान ठेवण्याच्या उद्देशाने. पहिल्याच कोसात पत्र्याचे कुंपण लागले, आत गाळ उपसण्याची यंत्रे, रस्त्यावरून वळसा. पुढे सोसायटीची भिंत; रखवालदाराने नम्रपणे विचारले, कोणत्या फ्लॅटमध्ये? पुढे लष्कराची हद्द, तेथे विचारण्याचाही प्रश्न नव्हता. अज्जाने जेथे फावडे रोवले होते ती जागा मी अंदाजाने शोधली; तेथे तळघरातल्या वाहनतळाचा उतार होता. चल्लघट्ट्याकडे मैलापाणी शुद्ध करण्याचे कारखाने आहेत. शुद्ध केलेले पाणी नळांतून कोलारच्या कोरड्या तळ्यांकडे जाते, हे मुलांना मी सांगितले, आणि त्यांना ते माझ्या सगळ्या मोजणीपुराणाहून अधिक आवडले. तसे ते आहेच. यमलूरच्या कोडीवर मी थांबून विमानांची गोष्ट सांगितली. कोणाचा विश्वास बसला नाही. मग एकाने फोनवर शोधून खात्री करून घेतली.

संध्याकाळी पबात परतल्यावर त्याच मुलाने फोन पुढे केला. त्यात आमचा मार्ग निळ्या रेषेने उमटला होता, आरंभ आणि अंत एकमेकांत नेमका मिसळलेला, बंद, सुबक. मात्र उंच इमारतींच्या मधे जेथे यंत्रास आकाश दिसले नव्हते तेथे रेषेने आम्हांस भिंतीपलीकडून, तळ्याच्या ऐन पोटातून चालवले होते, आणि त्याबद्दल कसलीही खंत न दाखवता पुढे जोडून घेतले होते. "फरक किती आला?" मी विचारले. त्याला प्रश्न कळला नाही. चूक त्याची नव्हती; त्याच्या यंत्रात तो रकानाच नाही.

मंडळी बिअर मागवीत होती तोवर मी लिंबूसोडा घेऊन मागच्या अंगणात गेलो. भिंत नवी आहे, तिच्या पायथ्याशी शोभेच्या झाडांच्या कुंड्यांची ओळ आहे, आणि उजवीकडून तिसरी कुंडी इतरांहून चार बोटे उंच दिसत होती. कन्येस बोलावले. आम्ही दोघांनी कुंडी सरकवली. माती खरवडली तर फुली होती.

तेवढ्यात व्यवस्थापक आला आणि त्याने विचारले, काही हरवले आहे काय? मी नाही म्हणालो, कुंडी जागेवर ठेवली, आणि त्यास एवढेच सांगितले की हा दगड काढू नका, तो सरकारी आहे. त्याने मान डोलावली. किती दिवस डोलावील ते सांगवत नाही. जुनी वही मजपाशी आहे. त्या दगडापासून एरीच्या दोन टोकांपर्यंतची अंतरे आणि दिशा तीत नमूद आहेत, दुरुस्त केलेल्या रेषेसह. तळ्याची कड पुन्हा कोणी मोजावयास घेणार असेल, तर त्याने ती येऊन उतरवून न्यावी.